खजुराची पोळी

माझं तरुणपण मस्कतमध्ये आलं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. हे वाचून कोणी हसेल तर हसू दे. ज्या वयात मुली मैत्रिणींबरोबर हिंडतात त्या वयात मी रेवदंड्याला सासूच्या हाताखाली नारळ सोलत होते. पाठोपाठ दोन बाळंतपणं झाली, तिशीत नवरा गेला, आणि त्यानंतर वाडीचं शिंपणं आणि बाजार यापलीकडे आठवण्यासारखं काही घडलं नाही. शाळा चौथीपर्यंत. पुस्तकात तारुण्याचं एक तरी प्रकरण असावं लागतं, असं अंजलीबाई म्हणतात. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना माहीत असणार. तर माझ्या तारुण्याचं प्रकरण हे.

माझा मुलगा विलास मस्कतजवळच्या रुसैलमधल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करतो. सुनेला दवाखान्यात नोकरी लागली, नात सई लहान, तिला बघायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मला बोलावणं आलं. मायेने बोलावलं असं मी म्हणणार नाही. गरज होती. मलाही गावात कंटाळा आला होता, त्यामुळे कोणाचे कोणावर उपकार झाले नाहीत. मस्कतच्या हमरिया वस्तीतली आमची इमारत जुनी होती. खाली न्हावी, शिंपी, किराणा आणि कासमभाईंचं बटणं, दोरे आणि लेसचं दुकान. पहाटे बांग व्हायची, ती संपते न संपते तोच कंपन्यांच्या बसेस येऊन घरघरत उभ्या राहायच्या आणि खालून कोणीतरी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करून हाका मारायचं. विलास डबा घेऊन जिना उतरायचा. मग शाळेची बस, मग सुनेच्या चपला, आणि मग दिवसभर एसीचा आवाज आणि त्याच्या नळीतून खालच्या पत्र्यावर पडणारं टपटप पाणी. तिथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या तापतात आणि नळाला चटका देणारं पाणी येतं. तेव्हा लोक गिझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून आंघोळीला घेतात. पहिल्या उन्हाळ्यात मला हे कोणी सांगितलं नाही. पाठ भाजून घेतली आणि शिकले.

स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. मी पोळ्या करायला लागले. आधी शेजारणीच्या पाहुण्यांसाठी, मग सगळ्या इमारतीसाठी. माझी पोळी कडेपासून कडेपर्यंत एकसारखी पातळ असते, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते कारण ते खरं आहे. ओमानात खजूर पोत्याने मिळतो, तेव्हा गुळाच्या पोळीसारखी मी खजुराची पोळी बसवली. खजूर लाटण्याला चिकटतो, कडेने फुटून बाहेर येतो, तव्यावर जळतो. दहा-बारा वेळा बिघडली. मग मला त्याचं वळण कळलं. सणावाराला इमारतीतल्या गुजराती आणि मल्याळी बायकाही ती मागून न्यायच्या.

जैबू माझ्याकडे वासाने आली. एका दुपारी मी तांदळाची भाकरी टाकून सुके बोंबील भाजत होते, तर दार वाजलं. दारात एक जाडजूड बाई, डोक्यावर ओढणी, हातात रिकामं ताट.

"बोंबील भाजलेस ना?" ती म्हणाली. "कुठची गो तू?"

"रेवदंड्याची. वास येत असेल तर खिडकी लाव."

"खिडकी कशाला लावू? ताट घेऊन आलंय दिसत नाय?"

ती कासमभाईंची बायको जैबून, मुरूडकडची. आमच्या दोघींच्या गावांमध्ये एसटीचा तासाभराचा रस्ता, आणि भेटलो समुद्र ओलांडून. त्या दिवसापासून माझी दुपार आणि तिची दुपार एकच झाली. माझ्या आईने तिच्या घरचं पाणी घेतलं नसतं. मी पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे खिमा खाल्ला आणि पुन्हा वाढ म्हटलं. जैबूला साखरेचा जुना आजार होता. दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घ्यायची, आणि टोचताना बोलणं थांबवायची नाही.

तिसऱ्या अंजलीबाई. पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या, भारतीय शाळेत गणित शिकवायच्या, पुण्याच्या. कोणी चुकीचं बोललं की त्यांना राहवायचं नाही. सईचं मराठी सुधारायला त्या यायच्या आणि जाताना माझंही सुधारून जायच्या. मला राग यायचा, पण त्या पोळीचं कौतुक नीट शब्दांत करायच्या, म्हणून चालवून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी विलास आम्हा तिघींना मत्रहच्या समुद्राकाठी सोडायचा. आम्ही बाकावर बसून उकडलेले चणे खायचो. अशाच एका गुरुवारी अंजलीबाई म्हणाल्या, "मी पुढच्या वर्षी रिटायर होतेय. पुण्याला परत जाण्याआधी एकदा युरोप बघायचाय. पण एकटीने नको वाटतं."

"मग आमाला घे," जैबू म्हणाली. ती थट्टा करत होती.

अंजलीबाई थट्टा करत नव्हत्या. "कुठे जायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या.

समोर डोंगरावर किल्ल्याचा बुरूज दिसत होता. मी विचारलं, हा कोणी बांधला. त्या म्हणाल्या, पोर्तुगीजांनी, म्हणजे फिरंग्यांनी, लिस्बनहून आलेल्या. आमच्या रेवदंड्याचा कोटही फिरंग्यांचाच. त्याच्या पडक्या भिंतीवर मी लहानपणी गोवऱ्या वाळत घातल्या आहेत.

"मग तिकडेच जाऊ," मी म्हटलं. "जगभर जाऊन दुसऱ्यांच्या दारात कोट बांधले. त्यांचं स्वतःचं घर कसं आहे ते तरी बघू."

घरी सांगितलं तर विलास म्हणाला, "आई, तुला इंग्लिश येत नाही."

"तुझ्या बापालाही येत नव्हतं. तो मुंबई बघून आला."

"मुंबईत मराठी चालतं."

"मग तिथे काय चालतं ते बघून येते."

पैसे माझे होते, पोळ्यांचे, त्यामुळे पुढे कोणी बोललं नाही. सई तेवढी रडवेली झाली. "आजी, यू विल गेट लॉस्ट. मग आम्ही तुला कसं फाइंड करणार?" तिने एका वहीत मला इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून दिली. 'व्हेअर इज द स्टेशन', 'आय ॲम व्हेजिटेरियन' अशी. मी म्हटलं, मी मासे खाते. तिने ते खोडून 'आय ईट फिश' लिहिलं.

जैबूच्या घरी मात्र गाडी अडली. कासमभाई स्वतः वर आले. दारातच उभे राहिले.

"शेवंताबाई, तुम्ही जाताय म्हणून हिला पाठवायचा विचार करतोय," ते म्हणाले. "सुई टोचली की अर्ध्या तासात हिच्या पोटात अन्न पडायला लागतं. ही बोलत बसते आणि विसरते. मागल्या रमजाननंतर दुकानात पडली होती, तोंडात साखर कोंबून उठवली. तिकडे परदेशात कोण कोंबणार?"

"मी आहे ना."

"शब्द द्या."

"दिला," मी म्हटलं. मी सहसा कोणाला शब्द देत नाही, कारण दिला की पाळावा लागतो. पण मैत्रीण मागे ठेवून मला जायचं नव्हतं.

व्हिसाच्या ऑफिसात काचेमागच्या मुलीने हिंदीत विचारलं, "किसलिए जाना है?" मी म्हटलं, "उन लोगों का किल्ला हमारे गाव में है. अब उनका गाव देखने का है." तिने कागद पुढे सरकवला. आम्हा तिघींचा व्हिसा झाला.

लिस्बन हे सगळं चढउतारावर वसलेलं गाव आहे. अंजलीबाईंच्या भाचीने जुन्या वस्तीत एक घर आठवड्यासाठी ठरवून दिलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना करकरणारा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरात कांदा चिरला तर आपले डोळे झोंबतील. प्रत्येक खिडकीबाहेर दोरीवर कपडे, चादरी, सगळं उघड्यावर. मला बरं वाटलं. युरोप म्हणजे फार टापटीप असणार अशी मला धास्ती होती. पायाखालचा दगड पांढरा आणि गुळगुळीत, चालताना जीव मुठीत. पिवळी ट्राम मोटारींना घासून जायची. आम्ही किल्ला पाहिला. रेवदंड्याचा पडका, हा डागडुजी केलेला, एवढाच फरक. चर्च पाहिली. पहिलं पाहिलं तेव्हा मान वर करून तोंड उघडं राहिलं, तिसऱ्याच्या वेळी मी बाहेर पायरीवर बसले. पण संध्याकाळी गल्लीत लोक शेगडी मांडून मासे भाजत होते, आणि वास आला तशी जैबू जागच्या जागी थांबली.

"शेवंते, तारली."

खरंच तारली होती. एवढ्या लांब येऊन आम्ही रस्त्यावर उभ्या राहून पावाबरोबर तारल्या खाल्ल्या आणि काटे कागदात गुंडाळले. अंजलीबाई शाकाहारी, त्या शेजारी उभ्या राहून शेगडीची माहिती देत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि जैबू कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला गेलो. मी बोटाने चार पाव दाखवले. गल्ल्यावरच्या मुलीने ते बांधून दिले आणि काहीतरी विचारलं. त्यातला एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

"पगार विचारतेय," मी जैबूला म्हटलं.

"कोणाचा?"

"माझा. तुझा कशाला विचारेल?"

"बघ गो, चार पाव घेतले तर पगार विचारतात," जैबू म्हणाली. "पोराचा सांग. तुझा काय सांगणार?"

मी मुलीला हिंदीत सांगितलं, "पगार नहीं है. घर में काम करती मैं." तिने पुन्हा तेच विचारलं, या वेळी हाताने पैशाची खूण करून. मला संताप आला. पावाच्या दुकानात माझी ऐपत तपासायची हिला काय गरज? मागून अंजलीबाई आल्या, त्यांनी ऐकलं, आणि त्या भिंतीला टेकून इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले.

"अहो, पगार म्हणजे पैसे देणं, त्यांच्या भाषेत. आपला शब्द त्यांच्याकडूनच आलाय. पावसुद्धा. बटाटा, चावी, साबण, सगळे त्यांचे."

"आणि तुम्ही हे आता सांगताय?"

"मला वाटलं, माहीत असेल."

चौथी पास बाईला कुठून माहीत असणार. पण एकदा कळल्यावर मी सोडलं नाही. दिवसभर जी वस्तू दिसेल तिचं नाव मी मराठीत मोठ्याने घ्यायची आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघायची. बटाटा लागू पडला. कोबी अर्धा लागला. कांदा मुळीच नाही, वांगं नाही. आमच्या शेजारच्या दारात एक म्हातारी राहायची, काळा झगा, आखूड केस, जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालायची. तिला मी माझ्या हातातली घराची किल्ली दाखवून 'चावी' म्हटलं. ती 'शाव' म्हणाली. मग तिने तिच्या बादलीकडे बोट दाखवून 'बाल्द' म्हटलं आणि मी 'बादली' म्हटलं. आम्ही दोघी हसलो. अंजलीबाईंना हे सगळं पुस्तकातून पाठ होतं, पण म्हातारी भेटली की त्या इंग्रजीच बोलायच्या, आणि म्हातारी मान हलवून आत जायची.

तिसऱ्या दिवशी अंजलीबाई नदीकाठचा एक प्रसिद्ध बुरूज बघायला एकट्या गेल्या. जैबूचे गुडघे धरले होते, म्हणून मी तिच्याबरोबर घरी राहिले. मी मस्कतहून तांदळाचं पीठ, लाटणं आणि खजुराचा डबा आणला होता. लाटण्यावरून अंजलीबाईंनी विमानतळावर माझी थट्टा केली होती, हत्यार म्हणून धरतील म्हणाल्या. मी भाकरीसाठी पाणी उकळत ठेवलं. जैबूने ओट्याशी उभं राहून सुई टोचून घेतली, आपल्या भावजयीची कागाळी सांगत सांगत.

"भाकरी होते तोवर तोंड धुऊन येते," ती म्हणाली आणि न्हाणीघरात गेली.

ते दार जुनं, जाड लाकडाचं, आतून लोखंडी किल्लीने बंद व्हायचं. एक भाकरी झाली. दुसरी टाकली. मग आतून खडखड ऐकू आली.

"शेवंते, चावी फिरत नाय."

"उलटी फिरव."

"फिरवली. दोनी बाजूला फिरवली."

मी बाहेरून दार ढकललं, खांदा लावला. ते दार हललं नाही. मी सुईची वेळ आठवली. पंधरा मिनिटं होऊन गेली होती. अंजलीबाईंना फोन लावला, वाजत राहिला, त्यांनी घेतला नाही. पुन्हा पुन्हा लावला. जैबू आत बडबडत होती, भावजयीचंच काही. मग बडबड संथ झाली. मग ती म्हणाली, "घाम येतोय गो," आणि तिचा आवाज जड लागला, झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू. मला कासमभाई दारात उभे दिसले.

घरात साखरेचा कण नव्हता. जैबू घेत नाही म्हणून आम्ही कोणीच आणली नव्हती. पण खजूर होता. मी खाली वाकून पाहिलं. दाराखाली फट होती, पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच. खजूर त्यातून जाणार नव्हता. मग माझ्या हातांनीच पुढचं केलं. सात-आठ खजूर घेतले, बिया काढल्या, पावाची प्लास्टिकची पिशवी फाडून तिच्या दोन थरांमध्ये खजूर ठेवले आणि ओट्यावर लाटायला घेतले. कडेकडेने, हलक्या हाताने, फुटू न देता. गुळाची पोळी लाटतात त्याहून पातळ. पापडासारखी झाली. ती प्लास्टिकसकट मी दाराखालून आत सरकवली.

"जैबू, पायाशी बघ. प्लास्टिक उघड आणि चाट."

"मना भूक नाय."

"भूक नसू दे. खा."

काही आवाज आला नाही. मी दारावर लाटणं आपटलं. "जैबून, तू इथे पडलीस तर कासमभाई वर्षाच्या आत दुसरी आणतील. तुझ्याहून बारीक आणतील. तुझ्या भावजयीची बहीण आणतील."

आतून थोड्या वेळाने आवाज आला, "रांडेच्ये." मग प्लास्टिक चुरचुरलं. मला इतकं गोड काही ऐकल्याचं आठवत नाही. मी दुसरी पोळी लाटली, तीही सरकवली. तिसरी सरकवली. प्रत्येक वेळी तिला म्हटलं, बोल, काय करतेस ते सांग. ती सांगत होती: बसलेय, चाटतेय, हात चिकट झालेत. तिसऱ्या पोळीनंतर तिच्या आवाजातलं जडपण उतरलं.

"आता किल्ली काढून फटीतून दे."

किल्ली आली. मी बाहेरून घातली. अर्धी फिरली आणि रुतली. जोर केला असता तर मोडली असती. मी ती घेऊन शेजारच्या दारावर थापा मारल्या. सईची वही पेटीत होती, आणि बाहेर काढली असती तरी 'माझी मैत्रीण न्हाणीघरात अडकली आहे' हे तिच्यात नव्हतं. म्हातारीने दार उघडलं. मी किल्ली पुढे धरली आणि म्हटलं, "चावी. चावी," आणि हाताने फिरवून, मग न फिरल्याची खूण केली. मग आमच्या घराकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात गालाशी नेऊन मान टाकली.

ती चप्पल न घालता आली. कुलपात किल्ली घालून एकदा फिरवून पाहिली, लगेच काढली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सबांव."

साबण. तिने 'सोप' म्हटलं असतं तरी मला कळलं असतं, तेवढं इंग्रजी मला येतं. पण ती 'सोप' म्हणणारच नव्हती, आणि म्हणाली असती तरी मी एवढ्या झटकन पळाले नसते. माझ्या पेटीत कपडे धुवायच्या साबणाची कोरडी वडी होती. तिने किल्लीच्या दातांवर ती घासली, कुलपात घालून काढली, पुन्हा घासली. या इमारतीतली सगळी कुलपं अशीच असणार, तिच्या हाताला ते ठाऊक होतं. चौथ्या खेपेला तिने किल्ली हलकेच वर उचलली आणि फिरवली. दार उघडलं.

जैबू फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. ओढणी गळ्यात, हनुवटीपर्यंत खजूर, मांडीवर प्लास्टिकचे तुकडे. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"तिसरी जाड झाली होती," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी तिला धरून खुर्चीत बसवलं. मी भाकरी आणि अंडं दिलं, ती खात असताना म्हातारीने तिचा हात धरून ठेवला आणि तिच्या भाषेत बरंच काही बोलली. त्यातला एक शब्दही आम्हाला कळला नाही. जैबूने तिला मुरूडच्या बोलीत सगळी हकीकत सांगितली, भावजयीसकट. म्हातारीने मान डोलावली. मी तिलाही भाकरी वाढली. तिने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली, पाहिली, आणि मग खाल्ली. जे बघायला हवं होतं ते तिने बघितलं.

तेवढ्यात अंजलीबाईंचा फोन आला. "तुमचे सहा कॉल दिसतायत. काय झालं?"

"काही नाही. दार अडकलं होतं. उघडलं. तुम्ही बुरूज बघून सावकाश या."

संध्याकाळी अंजलीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी असते तर काय केलं असतं, मला खरंच सुचत नाही." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यापुढे पहिल्यांदा असं काही कबूल केलं. मी त्यांना धीरबीर दिला नाही. ते वाक्य मी तसंच ठेवून घेतलं. न्हाणीघराची किल्ली मी पर्समध्ये टाकली, आणि पुढचे चार दिवस आम्ही तिघी दार नुसतं लोटून आत जायचो. आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून गाणं म्हणायचं असं ठरलं. जैबू लग्नातली गाणी म्हणायची, मी आरत्या. अंजलीबाईंना गाता येत नाही, त्या पाढे म्हणायच्या, एकोणतीसपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी जैबूला म्हटलं, आज घरी पड. ती म्हणाली, "मी एवढ्या लांब संडास बघायला आलेली नाय." आम्ही तिघी बाहेर पडलो. त्या दिवशी कुठे काय पाहिलं ते मला आठवत नाही, पण रस्ता विचारायला मी पुढे होते.

मस्कतला परत येताना जैबूने विमानात मला शपथ घातली की कासमभाईंना काही सांगायचं नाही. मी शपथ घेतली नाही. घरी पोचल्यावर मी आधी दुकानात गेले आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, दुसरी बायको आणायचं बोलले तेही. शब्द दिला होता तो पाळला, पण कसा पाळला हे त्यांना कळायला हवं होतं. ते गल्ल्यावरून उठले आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले. गिऱ्हाईक बघत होतं. मी म्हटलं, बसा, गिऱ्हाईक बघा.

पुढे आम्ही तिघी तीन दिशांना गेलो. अंजलीबाई पुण्याला, मी रेवदंड्याला, जैबू मुरूडला. मुरूड जवळ, त्यामुळे आमचं जाणंयेणं राहिलं. गेल्या पावसाळ्याआधी जैबू गेली. साखरेनेच नेली, आधी पाय, मग किडनी. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पिठात हात घालून बसले होते. गेले, माती होईपर्यंत बाहेर बायकांत थांबले. तिथे एका म्हातारीने मला विचारलं, तू हिची कोण. मी म्हटलं, मैत्रीण. ती म्हणाली, साखरवाल्यांचं असंच असतं, कधी ना कधी साखर नेतेच.

नेतेच, हे मलाही माहीत आहे. पण लिस्बनला नेत होती तेव्हा मी नेऊ दिली नाही. त्यानंतर सात वर्षं जैबू माझ्या ओटीवर येऊन बसली, तिने माझ्या भाकरीला नावं ठेवली, भावजयीच्या कागाळ्या सांगितल्या आणि दोन नातवंडांची लग्नं लावली. ती सात वर्षं माझ्या हातची आहेत. माझ्या नावावर दुसरं काही नसलं तरी चालेल.